कार्पचा हात

माशाला हात नसतो, हे तूच शिकवलंस,
तिसा नदीच्या बांधावर. मी सहा वर्षांची,
बादलीतल्या कार्पशी हस्तांदोलन करायला वाकलेली.
हसला नाहीस. कल्ल्यापाशी बोट टेकवून म्हणालास,
एमोके, ह्याचा सगळा जीव शेपटीत.

तीन तपांनंतर तुला उलटं सांगायला आलेय.

असतो हात.
मांसात मुरलेला, इतका बारका
की बघायचा म्हणून लोकांनी त्याचे स्फटिक केले,
क्ष-किरण सोडले, आणि मग दिसला अंगठा,
दिसली तर्जनी, मधलं बोट मुडपलेलं,
आणि त्या मुडपीत धरलेला
चुन्याचा एक कण.

चुना, बाबा. आपल्या राखणदाराच्या घराला
ईस्टरआधी लावायचास तोच, फक्त पाण्यात सुटा झालेला.
तो सुटतो म्हणून शेपटीचा फटका बसतो,
आणि लगेच दुसरा बसू शकतो
कारण ह्या हाताने पहिला उचलून घेतलेला असतो.
पार्व्हअल्ब्युमिन. नाव राहू दे. मूठ म्हण.
नको, मूठ फार घट्ट. चिमूट म्हण.

तीच चिमूट मेंदूत आहे.
सेगेदच्या तळमजल्यावर मी उंदराच्या मेंदूचे काप घेते,
कागदाहून पातळ, कुंचल्याने उचलते, रंगात बुडवते.
तासाभराने काही पेशी तेवढ्या उमटतात, तपकिरी,
फांद्या पसरून बसलेल्या:
बाकीच्यांना "थांब" सांगणाऱ्या,
तेही सेकंदाला शंभरदा, दोनशेदा, न दमता.

पेशीबाहेर चुना आतल्यापेक्षा दहा हजारपट.
हे तुला कुणी समजवायला नको.
सत्तर सालच्या मे महिन्यात पाणी कौलांच्या वर,
आणि बांधाच्या अलीकडे बटाट्याला फूल आलेलं.
तू वाळूच्या पोत्यांवर झोपायचास, कान मातीला लावून.

पेशीला मात्र दार उघडावंच लागतं.
निमिषभर. तेवढ्या पाण्यावर निरोप पलीकडे जातो.
आलंच नाही तर मुकी. आत राहिलं तर मेली.
ह्या दोहोंच्या मध्ये ते हात.

फेब्रुवारीत तुझ्या डोक्यात डावीकडे
एक धमनी बंद झाली.
बांध फुटला नव्हता. पंपांची वीज गेली होती.
दारं उघडी ती उघडीच.
हात होते. होते तेवढे भरले.

ज्या पेशींत असे हात जास्त त्या तगतात,
असं एक निबंध सांगतो. दुसरा सांगतो, मुळीच नाही.
मी दोन्ही वाचलेत, रात्री, स्वयंपाकघरात उभ्याने.
काप मोजायचं माझं काम. तुझे काप
मला कुणी देणार नाही, देऊही नयेत.

आता तुझ्याकडे एकच शब्द उरलाय, "यो".
बरं, चांगलं, हो. खिडकी लावू? यो.
दुखतंय? यो. आई आठवते? यो.
उजवा हात ब्लँकेटवर, परक्या माणसाने विसरलेल्या
हातमोज्यासारखा.

रविवारी मी कार्पचं सूप आणलं, लाल, थर्मासमधून.
बोर्बाला नर्सने बजावलंय, मीठ बंद.
ती ट्रॉली ढकलत पुढे गेली, आणि तू डाव्या हाताने
शेजारच्या लोरिंत्स म्हाताऱ्याच्या ताटातल्या वाटीत
अंगठा घातलास. तर्जनी घातलीस.
मधलं बोट मुडपलंस.

वाटीवर हात आणून थांबलास.
मी म्हटलं नाही काही.
सोड, म्हणावंसं वाटलं. नुसतं धरणं हे अर्धंच काम,
वेळेवर सोडणारी चिमूटच चिमूट.
पण तू कान लावलेला होतास कशाला तरी,
त्या जुन्या मातीला असावा,
आणि सूप निवत होतं,
आणि दोन दाणे निसटून चादरीवर पडले.

"यो," म्हणालास.